धुळीचं कोणी विचारलं नाही

नाना गेल्यावर भेटायला येणारी माणसं दोनच प्रश्न विचारायची. वय काय होतं, आणि तंबाखू खायचे का. दुसऱ्या प्रश्नाला मी हो म्हणायचे, कारण ते खरं होतं. हो म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायचा. माणूस कशानं गेला ते कळलं, आणि आपल्याला त्यातलं काही होणार नाही, असा तो चेहरा असायचा. मग चहा व्हायचा, आईशी दोन शब्द बोलून माणूस उठायचा. आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ तर जिना उतरता उतरता आपल्या मुलाला म्हणाले, "बघितलंस ना? पुडी काय करते ते." मी दाराशीच उभी होते. त्यांच्या घरातला काळ्या ग्रॅनाइटचा ओटा नानांनी बसवलेला आहे. त्याच्या कडेची गोलाई नानांनी त्यांच्याच गॅलरीत बसून घासली होती, आणि ती धूळ घरात येऊ नये म्हणून यांनी गॅलरीचं दार बाहेर नाना असताना आतून लावून घेतलं होतं.

 बोलणं माझ्या स्वभावात कमीच. एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी आहे, तिथेही हळू बोलण्याचाच पगार मिळतो, असं नाना म्हणायचे. पण एक गोष्ट मला कुठेतरी सांगून ठेवायची आहे. माझे वडील दगडाच्या धुळीनं गेले. हे एका डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्ट सांगितलं आहे. ते ऐकायला आम्हाला इतका उशीर का झाला, ते आता सावकाश लिहिते.

नाना फरशी मिस्त्री होते. कळवणच्या बाजूचं आमचं गाव. तिथून ते नाशकात आले तेव्हा शहाबादी फरशीचे दिवस होते. मग ओट्यांना कडप्पा आला, मग ग्रॅनाइट आला. इंदिरानगरच्या कितीतरी सोसायट्या नानांच्या हाताखालून गेल्या. रस्त्यानं जाताना ते इमारतींकडे बाहेरून बघत नसत. "हिच्यात पार तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना माझा हाय," असं सांगत. घरी येत तेव्हा भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानाच्या पाळ्यांमागे पिठासारखी धूळ. आई त्यांना दारातच थांबवून जुन्या फडक्यानं झटकायची. "आली गिरणी," म्हणायची.

दगड कापायला हातातलं विजेचं कटर असतं. ब्लेड दगडाला लागलं की धूळ उडते, आणि ती काही वाळूसारखी खाली बसत नाही. धुरासारखी उभी राहते. त्या धुरात तोंड घालून माणूस रेघ बघत असतो. नाकाला बांधायला पंचा. आणि दुसरा उपाय, ज्यावर नानांच्या सगळ्या लाइनीचा भरवसा होता, तो म्हणजे तंबाखू.

ही गोष्ट बाहेरच्या कुणाला माहीत नसते. मला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून मला कधी तिचं नवल वाटलं नाही. नाना म्हणायचे, "तोंडात गोळी असली की धूळ तिच्यात धरती. थुंकली की गेली. ज्याच्या तोंडात गोळी नाय तो धूळ गिळतो." फरशीच्या कामात नवीन माणूस आला की त्याला मशीन हातात द्यायच्या आधी चिमूटभर तंबाखू आणि चुना द्यायचे. कुणाला बिघडवायला नव्हे. जपायला. आईनं लेकराच्या कानाला रुमाल बांधावा तितक्या मायेनं ती चिमूट दिली जायची. नाना स्वतःही तसेच शिकले होते आणि त्यांनी पुढं कितीकांना तसंच शिकवलं.

आई मात्र तंबाखूच्या विरोधात होती. ती सकाळी उठून मिसरी, म्हणजे भाजलेली तंबाखूच, दातांना लावायची आणि मिसरीनं काळ्या झालेल्या बोटानं नानांच्या डबीकडे दाखवून बोलायची. "ती घाण टाका आधी."

"आणि तुझ्या बोटाला काय केशर लागलंय का?"

"मिसरी औषध असती. दातांसाठी."

"मग माझी बी छातीसाठी असती."

घरात यावर रोज हसू व्हायचं. छातीसाठी असती, हे नाना चेष्टेत म्हणत नव्हते, हे मला फार पुढं कळलं.

खोकला सुरू झाला तो कोरोना सरल्यावर. आधी सकाळचा, मग जिना चढतानाचा. नाना तेव्हा इंदिरानगरच्या टोकाला एका मोठ्या इमारतीवर होते. मजल्यामागून मजले, प्रत्येक घरात ओटा, जिन्याला ग्रॅनाइट, खिडक्यांना चौकटी. त्यांचा एक जोडीदार होता, दिंडोरीकडचा, नानांहून बराच तरुण. दोघांनी एक रीत बसवली होती. नाना कापायचे आणि जोडीदार पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून तिची बारीक धार ब्लेडवर धरायचा. धूळ पुष्कळ दबायची. राडा व्हायचा, पण राडा पुसता येतो. असं काम सावकाश होतं आणि नानांना मजुरी फुटावर मिळायची, तरी ते शक्य तिथं असंच कापायचे.

मग त्या साइटवर एका मजुराला ओल्या फरशीवर विजेचा झटका बसला. वाचला तो, पण गडबड झाली. दुसऱ्या दिवशी सुरक्षेचा माणूस आला, सगळ्यांना एका ठिकाणी उभं केलं आणि सांगितलं की यापुढे मशीनजवळ पाणी दिसलं तर काम बंद. वायरी बदला, असं तो बोलला नाही. जुन्या वायरी तशाच राहिल्या, पाणी गेलं. जोडीदाराची बाटली गेली. हेल्मेटं वाटली, फोटो झाले. फोटो झाल्यावर हेल्मेटं परत गोळा केली, कारण ती दुसऱ्या साइटवर न्यायची होती. नानांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ते हसत होते. "डोकं दोन तास सुरक्षित होतं," म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिथंच तंबाखूविरोधी प्रचाराची गाडी आली. मी ही मंडळी वाईट होती असं म्हणत नाही. चांगल्या घरची, कळकळीची मुलं-मुली होती. त्यांच्याकडे मोठी चित्रं होती, सडलेल्या जिभांची, भोक पडलेल्या गालांची. ती बघून दोन बायकांना ओकारी आली, असं नाना म्हणाले. शेवटी सगळ्यांनी उजवा हात पुढं करून शपथ घ्यायची होती. एकजण तोंडातली गोळी गालात सरकवून शपथ म्हणत होता आणि त्याचं बोलणं कुणाला कळत नव्हतं. हशा झाला. पण नाना हसले नाहीत. त्यांनी शपथ सांगणाऱ्या बाईंना विचारलं, "मॅडम, खोकला बी तंबाखूनंच होतो का?"

"काका, सगळं तंबाखूनंच होतं," त्या म्हणाल्या.

तेवढं एक वाक्य नाना घरी घेऊन आले. आमच्याकडे हात पुढं करून घेतलेल्या शपथेला फार किंमत नसते. ती सरकारी. खरी सोडायची असेल तर देवाला सोडावी लागते. आवडती वस्तू देवाच्या पायाशी ठेवायची आणि बदल्यात मागायचं ते मागायचं. त्यानंतर त्या वस्तूला शिवायचं नाही, जीव गेला तरी. नाना आईला घेऊन सप्तशृंगीच्या गडावर गेले. पहिल्या पायरीशी नारळ फोडला, मनात बोलले आणि तंबाखूची डबी खालच्या एका टपरीवाल्याकडे देऊन टाकली. टपरीवाला म्हणाला, "राहू द्या इथंच. अशा लय डब्या ठेवल्यात लोकांनी. उतरताना परत मागत्यात."

"मी नाय मागणार," नाना म्हणाले. आणि त्यांनी खरंच मागितली नाही. आई सांगते, उतरताना ते त्या टपरीकडे न बघता दुसऱ्या कडेनं चालले.

तंबाखू सुटली. हे काही लहान काम नव्हतं. ती ज्यानं खाल्ली आहे त्यालाच कळतं.  नाना तळहातावर अंगठा उगाच घासत बसायचे. जोडीदार चिडवायचा, "नाना, काय मळताय? हवा?" ते बडीशेप खायचे, लवंग धरायचे. आणि कटरसमोर बसायचे, कोरड्या धुळीत, बाटली नाही, गोळी नाही. आता धूळ आपण गिळतो आहोत असं त्यांना वाटायचं, पण ते बोलायचे नाहीत. देवीला दिलेल्या गोष्टीबद्दल कुरकुर करायची नसते.

खोकला वाढला.

आम्ही आधी जवळच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी वर न बघता विचारलं, "तंबाखू?"

"सोडली," नाना म्हणाले. त्या एका शब्दात त्यांचा केवढा अभिमान होता.

"किती वर्षं खाल्ली?"

"पोरपणापासनं."

"मग आता भोगावं लागेल थोडं," असं म्हणून डॉक्टर हसले. खोकल्याचं औषध दिलं. काम काय करता, हे विचारलं नाही. नानांच्या नखांत तेव्हाही दगडाची पांढरी रेघ होती. ती मला टेबलाच्या या बाजूनं दिसत होती.

दुसऱ्या ठिकाणी छातीचा फोटो काढला. फोटोत दोन्हीकडे ठिपके होते. थुंकी तपासली, तिच्यात काही सापडलं नाही, तरी टीबीचं औषध सुरू केलं. नाना निमूटपणे गोळ्या घेत राहिले. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची, जेवण जायचं नाही. घरात त्यांनी स्वतःचं ताट वेगळं केलं. मी खूप सांगितलं, ऐकलं नाही. ते गावाकडच्या लग्नाला गेले नाहीत, माझ्या धाकट्या भाचीला कडेवर घेतलं नाही. औषध पुरं झालं, परत फोटो काढला, ठिपके होते तसेच. मग परत औषध. या काळात त्यांचं वजन इतकं उतरलं की मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं.

मी ग्रंथालयात काम करते म्हणून मला वाचायची सोय आहे. आमच्या विज्ञान विभागात कामगारांच्या आरोग्यावरची एक जाड इंग्रजी पुस्तकमाला आहे, जिच्यावर माझ्याशिवाय कुणाचा हात पडला नसेल. त्यात दगडाच्या धुळीचं एक प्रकरण आहे. मी ते उभ्यानंच वाचलं. अतिशय बारीक धूळ फुप्फुसात जाते, तिथंच राहते, भोवतीचा मऊ भाग हळूहळू घट्ट होत जातो. तो परत मऊ होत नाही. टीबीसारखं दिसतं, म्हणून टीबीच समजलं जातं. आजाराचं नाव सिलिकोसिस. मी पुस्तक बंद करून जागेवर ठेवलं. काउंटरवर एक विद्यार्थी पावतीसाठी थांबला होता, त्याला पावती दिली.

टीबीचं औषध देणाऱ्या डॉक्टरांना मी धुळीचं विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, मोबाइलवर वाचून येऊ नका." मी म्हटलं, पुस्तकात वाचलं. ते म्हणाले, "तेच ते."

मग मी नानांसाठी चांगल्यातला मास्क आणला. पहिल्या दिवशी साइटवर सगळे म्हणाले, "नाना, परत कोरोना आला का?" तरी त्यांनी तो लावला. उन्हाळा होता, घामानं मास्क ओला झाला, ओल्यावर धूळ बसून त्याची खपली झाली. श्वास घेता येईना. आधीच दम लागणाऱ्या माणसाला तो मास्क म्हणजे तोंडावर ठेवलेला हातच. त्यांनी तो धुऊन, घडी करून मला परत दिला. "बाई, चांगला हाय. पण हा बसून राहणाऱ्या माणसासाठी केलेला दिसतोय."

आणि घरात वेगळंच सुरू झालं होतं. नानांच्या मनानं घेतलं होतं की देवीपुढची आपली सोड कुठंतरी बिघडली. मॅडम म्हणाल्या होत्या, सगळं तंबाखूनं होतं. तंबाखू तर दिली. मग खोकला का जात नाही? देवी खोटी नाही, मॅडमही शिकलेल्या. म्हणजे चूक आपल्याकडूनच. एके दिवशी ते आईला म्हणाले, "तुझी मिसरी घरात हाय म्हणून असंल."

आईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "मी कुठं शपथ घेतली होती?"

"एकाच घरात हाय ना. तंबाखूच ती बी."

आईनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी मिसरीचा डबा कचऱ्यात होता. तिच्या आईपासून लागलेली सवय तिनं अशी सोडली, आणि नंतर महिनाभर तिचं डोकं ठणकत होतं. मला त्या दिवशी राग आला, तो अजून आहे. धुळीचा एक शब्द कुणी काढला नव्हता, म्हणून एक म्हातारा माणूस आपल्या बायकोच्या दात घासण्यात आपलं पाप शोधत होता. "धुळीमुळे होतंय नाना," असं मी त्यांना कितीदा सांगितलं. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "धुळीचं असतं तर कुणी विचारलं नसतं का?"



कामगारांसाठी काही मदत असते, असं ऐकून मी ठेकेदाराकडे गेले. बांधकाम कामगार म्हणून नानांची नोंद झाली तर मोठ्या दवाखान्यातल्या उपचारांना आधार मिळेल असं मला कुणीतरी सांगितलं होतं. त्यासाठी कामाचा दाखला हवा होता. ठेकेदार नम्र होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग म्हणाला, "मॅडम, नाना माझ्याकडं कामगार नव्हतेच. ते पेटी ठेकेदार. मी त्यांना फुटावर काम द्यायचो, ते त्यांच्या माणसाकडनं करून घ्यायचे. एका ठेकेदारानं दुसऱ्या ठेकेदाराला कामगार कसं म्हणायचं?"

"त्यांचा माणूस म्हणजे एकच जोडीदार. आणि कापायचे ते स्वतः."

"ते बरोबर हाय. पण लायनीत त्याला पेटी ठेकेदारच म्हणतात."

घरी येऊन सांगितलं तर नाना खोकत खोकत हसले. "अगं, ऐकलं का? मी ठेकेदार हाय. आधी कळलं असतं तर गाडी घेतली असती."

कटर उचलेना तेव्हाच नाना घरी बसले. त्यानंतर आम्हाला त्या डॉक्टरीणबाई भेटल्या. सरकारी दवाखान्यात छातीच्या आजारांसाठी मंगळवारी बसायच्या. वयानं माझ्याहून लहान असतील. नानांचे सगळे फोटो त्यांनी उजेडात धरून ओळीनं बघितले. मग फोटो खाली ठेवून त्यांनी नानांचा हात हातात घेतला, नखं बघितली आणि विचारलं, "बाबा, काम काय करता?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. "फरशी मिस्त्री. ग्रॅनाइट."

"कापता तेव्हा पाणी मारून कापता की कोरडं?"

नानांनी आपल्या नखांकडे बघितलं. मग म्हणाले, "आधी मारायचो. सेफ्टीवाल्यांनी पाणी बंद केलं."

बाईंनी डोळे मिटून घेतले आणि पुन्हा उघडले. त्यांनी समजावून सांगितलं. टीबी नाही, दगडाची धूळ आहे, आत बसली आहे, ती काढता येत नाही. दम कमी लागावा म्हणून औषध देता येईल, पुढंमागं घरी ऑक्सिजन लागेल. त्या सरळ बोलल्या आणि मला त्याचं बरं वाटलं. नाना सगळं ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"मग मी तंबाखू सोडली ती फुकट गेली का?"

"फुकट नाही बाबा. तोंडाचा कॅन्सर व्हायचा तो टळला असेल. सोडली ते चांगलंच केलं."

"पण खोकल्याला तिचा उपयोग नव्हता."

"नव्हता," बाई म्हणाल्या.

 रिक्षात, घर जवळ आल्यावर नाना म्हणाले, "तुझ्या आईला सांग, मिसरी आण म्हणावं." आईनं आणली नाही. ती म्हणाली, आता सुटलीय तर सुटू द्या. पण त्या संध्याकाळपासून नानांनी देवीबद्दलचं अपराधीपण सोडलं, एवढं मात्र झालं. देव्हाऱ्यासमोर बसू लागले. आपलं ताटही त्यांनी परत आमच्या ताटांजवळ ठेवलं आणि भाचीला बोलावून घेतलं. तिला कडेवर घ्यायची ताकद मात्र राहिली नव्हती. ती त्यांच्याजवळ बसायची आणि ऑक्सिजनच्या यंत्राची गुरगुर ऐकायची. "आजोबा, तुमची मांजर," म्हणायची.

पावसाळ्यात नाना गेले. शेवटी ते बसूनच झोपायचे, भिंतीला टेकून. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

दहाव्याला गोदाकाठी लाइनीतले बरेच लोक आले होते. कामावर खाडा करून आले होते, हे मी विसरणार नाही. चुलतभावानं पिंड ठेवला. शेजारी नानांच्या आवडीचं ठेवलं, शेव, गुळाची पोळी. कावळे वर पिंपळावर होते, पण खाली येईनात. पिंडाला कावळा शिवेपर्यंत कुणाला उठता येत नाही. वेळ जाऊ लागला तशी कुजबुज सुरू झाली. एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं खिशातून पुडी काढून चिमूटभर तंबाखू पिंडाशेजारी ठेवली. "जीव अडकला असंल त्याच्यात," तो म्हणाला. "सोडली म्हणून तर गेला नाना. ती होती तवर धूळ धरत होती."

दुसरा म्हणाला, "तंबाखूनंच गेला. डॉक्टर सांगत्यात ना."

आई पुढं झाली. तिनं ती चिमूट बोटानं गोळा केली आणि पाण्यात टाकली. "देवीला दिली होती त्यांनी," एवढंच म्हणाली.

मी आयुष्यात चारचौघांत कधी मोठ्यानं बोलले नव्हते. तेव्हा बोलले. म्हटलं, "तंबाखूनं नाही गेले, सोडल्यानंही नाही गेले. कोरड्या धुळीनं गेले. डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्ही सगळे तीच धूळ खाताय."

 लोकांनी माना हलवल्या, शोकातल्या बाईचं बोलणं ऐकून हलवतात तशा. थोड्या वेळानं एक कावळा उतरला, शेव घेऊन गेला, तेही चालतं असं गुरुजी म्हणाले आणि सगळे उठले.

जोडीदार मागं राहिला. माझ्याजवळ येऊन इकडचं तिकडचं बोलला. मग तोंड फिरवून खोकला. तो खोकला मला ओळखीचा होता.

"ताई, त्या डॉक्टरीणबाई कुठं बसतात?"

मी दवाखाना सांगितला, खोली सांगितली. "मंगळवारी सकाळी जा. लवकर जा. मी सोबत येते."

तो विचारात पडला. "मंगळवारी नाय व्हायचं. आमच्या लायनीत सुट्टी अमावस्येलाच असती, त्या दिवशी कोणी हत्याराला हात लावत नाय. बाकी दिवशी खाडा केला की ठेकेदार काम दुसऱ्याला देतो. मग त्या फ्लॅटचं काम गेलंच."

"एक दिवस, फक्त एक."

"एकच खाडा म्हणून आज केला ना ताई, नानांसाठी." तो ओशाळून हसला. "तुम्ही शिकलेल्या हायत. मंगळवारची अमावस्या कधी येती तेवढं बघून सांगा. त्या दिवशी नक्की जातो."

घरी आल्यावर मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं आणि एकेक पान उलटत गेले. मंगळवारची अमावस्या दिवाळीच्याही बरीच पुढं होती. मी त्याला फोन करून सांगितलं. मागं कटरचा आवाज येत होता, त्यामुळे मला दोनदा सांगावं लागलं.

"बरं झालं सांगितलं ताई," तो म्हणाला. "तवर काय होतंय."